त्या हशात आम्हीही होतो

वाक्प्रचारांचा तास मुलांना आवडतो. व्याकरणाच्या मानाने त्यात गंमत असते. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात आम्ही 'हातावर तुरी देणे' शिकवत होतो. 'चोराने पोलिसांच्या हातावर तुरी दिल्या' असे वाक्य फळ्यावर लिहिले आणि अर्थ विचारला. दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, तुरी सोललेल्या होत्या की शेंगांसकट? आणि पोलिसांनी त्या घेतल्या कशाला?"

सगळा वर्ग खो खो हसला. आम्हीही हसलो. तो मात्र उत्तराची वाट पाहत तसाच उभा होता. त्याला वाटले, आपण साधा प्रश्न विचारला आहे. आम्हाला वाटले, तो विनोद करतो आहे. घंटा झाली, आम्ही खडू ठेवून निघालो. मधली सुट्टी संपेपर्यंत त्याचे नाव 'तुरी' पडले होते.

या सदरात आपण मुलांचा अभ्यास, मोबाइल, परीक्षेची भीती अशा अनेक विषयांवर बोललो. आज जे लिहायचे आहे, ते लिहायला आम्ही बरेच महिने लावले, कारण त्यात दोष दुसऱ्याचा दाखवून मोकळे होता येत नाही. मुलाच्या अम्मींची परवानगी घेतली आहे. नाव-गाव लिहीत नाही. ओळख पटेल असे बारकावेही गाळले आहेत.

"लक्ष देऊ नकोस"

हा मुलगा गणितात वर्गाच्या पुढे होता. अक्षर छापल्यासारखे. मशिदीत भिंतीवर नमाजच्या वेळांचे वर्षभराचे कोष्टक असते ना, ते त्याला पाठ होते. कोणत्या तारखेला मगरीब किती वाजून किती मिनिटांनी, हे तो डोळे मिटून सांगायचा. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचा नाही. बाक ओढल्याचा आवाज झाला की दोन्ही कान हातांनी झाकायचा. तास बदलला किंवा एखादे सर आले नाहीत तर अस्वस्थ व्हायचा आणि पुन्हा पुन्हा विचारायचा, "वेळापत्रकात तर मराठी आहे, मग खेळ का?" शिक्षकांच्या खोलीत त्याच्याबद्दल दोन मते होती. काहींना तो घमेंडी वाटे, काहींना भोळा.

'तुरी' नाव पडल्यावर रोज मधल्या सुट्टीत चार-पाच मुले त्याच्याभोवती जमू लागली. "तुरी, आज मगरीब किती वाजता?" तो मिनिटासकट सांगायचा. ती हसायची. मग दुसऱ्या तारखेची विचारायची. मोबाइल शाळेत आणायला बंदी आहे, तरी कोणीतरी आणला आणि त्याचा व्हिडिओ काढून मुलांच्या ग्रुपवर टाकला. दुपारी मकतबमध्ये त्याच मुलांपैकी दोघे त्याची एकच चप्पल लपवायचे. त्याला अनेक आठवडे वाटत होते की ही आपली मित्रमंडळी आहेत. कारण याआधी कोणी आपणहून त्याच्याजवळ येऊन काही विचारतच नव्हते.

कळले तेव्हा तो आमच्याकडे आला. दोनदा आला. पहिल्यांदा आम्ही म्हणालो, "मस्करी करतात रे, तू लक्ष देऊ नकोस." दुसऱ्यांदा आम्ही वह्या तपासत होतो. मान वर न करता तेच पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा तो आला नाही. आम्हाला वाटले, मिटले असेल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि त्याचे पोट रोज सकाळी दुखू लागले. शुक्रवारी दुपारनंतर थांबायचे, रविवारी रात्री पुन्हा सुरू व्हायचे. जेवण तुटले. रात्री झोप नाही. ज्या कोष्टकावर त्याचा जीव होता, त्याकडे तो पाहीनासा झाला. एक दिवस त्याची अम्मी वही घेऊन शाळेत आली. शेवटच्या पानावर त्या छापील अक्षरात एकच ओळ होती, 'मी नसलो तर वर्गाला त्रास होणार नाही.'

आम्ही त्याला विचारले, "बेटा, मला सांगायचं नाही का?" तो म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात, लक्ष देऊ नकोस. मी दिलं नाही."

ही मुले कशी असतात?

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे तीन-चार फेऱ्या झाल्या. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. मुलामध्ये ऑटिझमची लक्षणे आहेत आणि त्याला सध्या नैराश्य आले आहे. पहिली गोष्ट जन्मापासूनची होती. दुसरी गेल्या काही महिन्यांतली.

ऑटिझमचे सविस्तर वर्णन डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे केले, तेही केवळ ११ मुलांच्या निरीक्षणावरून. पुढे कळत गेले की याचे रूप एकच नाही. काही मुले बोलतच नाहीत, त्यांना आयुष्यभर आधार लागतो. काही मुले आपल्या वर्गात बसतात, पहिल्या दहांत येतात, पण समोरच्याच्या चेहऱ्यावरचा, आवाजातला, थट्टेतला अर्थ त्यांना आपोआप उमगत नाही. आवाज, वास, कपड्याचा स्पर्श त्यांना आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. ठरलेले बदलले की त्यांची घालमेल होते. म्हणून आता डॉक्टर या सगळ्याला मिळून 'ऑटिझम स्पेक्ट्रम' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने साधारण शंभर ते सव्वाशे माणसांमागे एक जण असा असतो. म्हणजे हजार पटाच्या शाळेत आठ-दहा मुले. शिवाय ज्यांच्यात यातली थोडीच लक्षणे आहेत, ज्यांना कधी कोणत्या डॉक्टरांकडे नेलेले नाही, अशी मुले वेगळीच.

मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द रुळला आहे, पण त्याने एक गैरसमजही होतो. ही मुले स्वतःतच मग्न असतात, त्यांना कोणाची गरज नसते, असे ऐकणाऱ्याला वाटते. आमच्या विद्यार्थ्याला मित्र हवा होता. इतका हवा होता की हसणाऱ्यांनाही त्याने मित्र मानले. इंग्लंडमधील अभ्यासक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ साली एक साधी गोष्ट मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही असे आपण म्हणतो, पण इतरांना तरी त्याचे मन कुठे कळते? गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. दोष मात्र एकाच्याच पदरात पडतो.

आम्ही दोन भाषा शिकवतो. उर्दूत 'नौ दो ग्यारह होना' म्हणजे पळून जाणे, मराठीत 'हातावर तुरी देणे' म्हणजेही जवळजवळ तेच. दोन्ही भाषांत माणसे जे बोलतात त्याहून वेगळे काही म्हणत असतात. हे ज्याला शब्दशः ऐकू येते, त्याच्यासाठी आपले रोजचे बोलणे किती अवघड असेल, याचा विचार भाषेच्या शिक्षकाने आधी करायला हवा होता.

मन कशाने खचते?

वर्गमित्र थोडेफार चिडवतातच, त्याने मुलगा घट्ट होतो, असे अनेक पालक म्हणतात. आम्हीही म्हणायचो. म्हणून इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराचा एक मोठा अभ्यास इथे सांगावासा वाटतो. १९९१ आणि १९९२ या वर्षांत त्या परिसरात बाळंत होणार असलेल्या सुमारे १४ हजार स्त्रियांची नोंद ब्रिस्टल विद्यापीठाने केली आणि त्यांच्या मुलांची वाढ वर्षानुवर्षे टिपत नेली. त्यातल्या सहा हजारांहून जास्त मुलांची माहिती घेऊन २०१८ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. लहानपणी ऑटिझमची लक्षणे किती होती, हे त्यात पाहिले होते आणि वयाच्या १० ते १८ या काळात सहा वेळा त्या मुलांच्या उदासीची मोजणी केली होती.

निष्कर्ष असा निघाला की ज्यांच्यात ही लक्षणे होती, त्यांच्यात दहाव्या वर्षीच उदासी इतरांहून जास्त होती आणि अठराव्या वर्षापर्यंत ती वाढत गेली. संवाद साधण्यात ज्यांना अडचण होती, त्यांना अठराव्या वर्षी नैराश्य येण्याचा धोका जास्त होता. या धोक्याचा मोठा वाटा कशामुळे, हे तपासले तेव्हा उत्तर मिळाले, इतर मुलांनी केलेला छळ.

यात आमच्यासाठी दोन धडे आहेत. पहिला, या अभ्यासात मुलाकडे ऑटिझमचे प्रमाणपत्र आहे की नाही एवढाच प्रश्न नव्हता, लक्षणे किती हाही होता. चिडवणारी मुलेही प्रमाणपत्र पाहून चिडवत नाहीत. मग आपण तरी मदत करायला प्रमाणपत्राची वाट का पाहावी? दुसरा धडा असा की मुलाचा जन्मजात स्वभाव आपण बदलू शकत नाही, पण मधल्या सुट्टीत त्याच्याशी काय घडते ते बदलू शकतो. नैराश्याचा एवढा मोठा वाटा ज्या कारणातून येतो, ते कारण शाळेच्या आणि घराच्या आवाक्यातले आहे.

थट्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, हेही पालक विचारतात. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी यावर हयातभर काम केले. १९८३ साली त्या देशाने शाळांतील छळाविरुद्ध देशभर मोहीम काढली, तिच्यामागे त्यांचे संशोधन होते. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. मुद्दाम केलेले, पुन्हा पुन्हा केलेले, आणि ज्याच्यावर होते तो स्वतःचा बचाव करू शकत नाही असे. दोन मित्र एकमेकांना टोपणनावाने हाक मारतात आणि दोघेही हसतात, ती थट्टा. पाच जण हसतात आणि एक गप्प असतो, तो छळ.

घरातले चिडवणे

वाचक भगिनींनो, हे फक्त शाळेत होते असे समजू नका. त्या अम्मींनी नंतर सांगितले त्यातले निम्मे घरातले होते. ईदच्या दिवशी गळाभेट टाळतो म्हणून काका सगळ्यांसमोर त्याला जबरदस्तीने कवटाळायचे आणि तो कळवळला की बाकीचे हसायचे. अत्तराचा वास सहन होत नाही म्हणून चुलतभाऊ मुद्दाम त्याच्या नव्या कुर्त्याला अत्तर चोळायचे. लग्नात डीजेजवळ बसवायचे. मकतबमध्ये मोठ्या मुलाच्या तिलावतीत चूक झाली तेव्हा याने ती तिथल्या तिथे मोठ्याने सांगितली. चूक बरोबर काढली होती, पण 'बेअदब' ठरून मार याने खाल्ला. रमजानमध्ये जेवण-झोपेच्या सगळ्या वेळा बदलतात, तेव्हा पहिला आठवडा तो चिडचिडा व्हायचा. त्यावर 'रोजा झेपत नाही याला' असे टोमणे.

नातेवाइकांनी नजर उतरवायला सांगितले. कोणी जिन आहे म्हणाले, कोणी ताईत दिला, कोणी 'लग्न झालं की सुधारेल' असा सल्ला तेरा वर्षांच्या मुलाबद्दल दिला. दुआ करावीच. आई-बापाच्या दुआसारखी दुआ नाही. पण हा मुलगा कोणाच्या ताब्यात नाही आणि कोणाच्या चुकीची शिक्षाही नाही, हे त्याच्या अम्मीला पहिल्यांदा डॉक्टरांनी सांगितले तेव्हा ती तिथेच रडली. इतकी वर्षे ती स्वतःलाच दोष देत होती.

मुलींबद्दल तर आणखी जपून पाहायला हवे. अशी लक्षणे असलेल्या अनेक मुली इतर मुलींचे पाहून पाहून हसायला, मान हलवायला, गप्पांत सामील झाल्याचे दाखवायला शिकतात. दिवसभर हे सोंग वठवून घरी आल्या की खोलीत जाऊन रडतात किंवा लहान भावंडांवर ओरडतात. आपल्याकडे गप्प मुलीला 'किती गुणी आहे' म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे तिचे गप्प राहणे कोणाला खटकत नाही. मैत्रिणी तिला उघड मारत नाहीत, फक्त डब्याच्या गोलात जागा ठेवत नाहीत.

दीन काय सांगतो

कुरआनच्या सूरह हुजुरातची अकरावी आयत आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली आहे. एका गटाने दुसऱ्या गटाची टर उडवू नये, ज्यांना हसता ते कदाचित तुमच्याहून चांगले असतील, आणि एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये, हा तिचा आशय. पुरुषांना आणि स्त्रियांना तिथे वेगवेगळे बजावले आहे. आम्ही स्वतः ही आयत मुलांना समजावून सांगितलेली आहे. आणि आमच्याच तासाला पडलेले नाव वर्षभर त्या मुलाला चिकटले होते.

हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांची हकीकत आपण मुलांना सांगतो का? ते मिसवाक तोडायला झाडावर चढले असता वाऱ्याने कपडा हलला आणि त्यांच्या बारीक पोटऱ्या पाहून काही साथीदार हसले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना विचारले, कशाला हसता? आणि सांगितले की न्यायाच्या तराजूत हे पाय उहुदच्या डोंगराहून जड भरतील. हसणारे परके नव्हते, ते सहाबाच होते. तरीही प्रेषितांनी (स.) ते हसू तिथेच थांबवले. आम्ही आमच्या वर्गात नेमके हेच केले नाही.

आणखी एक हदीस या विषयाला अगदी लागू पडते. आपल्या भावाला मदत करा, तो जुलूम करणारा असो वा सोसणारा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. सोसणाऱ्याला मदत कशी करायची हे कळते, पण करणाऱ्याला कशी, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की त्याचा हात रोखा, हीच त्याला मदत. चिडवणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांनी ही हदीस पुन्हा पुन्हा वाचावी. आपला मुलगा कोणाला रडवतो अशी तक्रार आली की आपण आधी त्याची बाजू घेतो. त्याचा हात रोखणे हे त्याच्याच भल्याचे आहे.

आम्ही काय केले, आपण काय करू शकतो

पहिले काम होते माफी मागण्याचे. आम्ही त्याला ग्रंथालयात बसवून म्हणालो, "त्या दिवशी आम्ही हसलो, ते चुकलं." तो म्हणाला, "पण उत्तर सांगितलं नाहीत." मग आम्ही 'हातावर तुरी देणे' म्हणजे फसवून निसटणे, हे नीट समजावले. तो म्हणाला, "मग चोर फसवून पळाला, असंच लिहायचं." त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार केला आहे. चिडवणारा एक-दोन असतो, पण त्याला बळ मिळते ते पाहणाऱ्यांच्या हसण्याचे, म्हणून पाहणाऱ्या मुलांवर काम करायचे, हा त्याचा गाभा. आम्ही त्याच वाटेने गेलो. वर्गात त्याचे नाव काढून भाषण केले नाही, त्याने तो आणखी उघडा पडला असता. चिडवणाऱ्यांना एकेकटे बोलावले. जी वीस-पंचवीस मुले नुसती हसत होती, त्यांच्याशी वेगळे बोललो. त्यातला एक शांत मुलगा म्हणाला, "मला हसू येत नव्हतं मॅडम, पण नाही हसलं तर माझा नंबर लागला असता." तोच मुलगा पुढे त्याच्या बाकावर बसू लागला. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलमधून पालकांसमोर काढून टाकायला लावला. मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडे ठेवण्याची परवानगी दिली, कारण छळ बहुधा तिथे होतो जिथे शिक्षक नसतात: मैदानाचा कोपरा, पाण्याची टाकी, मुतारी, घरी जायचा रस्ता.

घरी काय पाहावे? शाळेच्या दिवशीच दुखणारे पोट वा डोके, हरवलेल्या किंवा फाटलेल्या वस्तू, आवडत्या गोष्टीतून उडालेले मन, झोप आणि भूक यांतला बदल, 'मी नकोच' अशा अर्थाचे बोलणे. ही मुले 'मला वाईट वाटतं' असे म्हणतीलच असे नाही. "शाळा कशी होती?" या प्रश्नाला "ठीक" एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा नेमके विचारा. डबा कोणाजवळ बसून खाल्ला? आज तुला कोणत्या नावाने हाक मारली? कोण हसले? हवे तर कागदावर लिहून विचारा. 'लक्ष देऊ नकोस' हा सल्ला देऊ नका. 'असे झाले की उठून अमुक शिक्षकांकडे जा आणि हे वाक्य बोल' असे पायरीपायरीने सांगा. आणि ते शिक्षक कोण, हे आधी शाळेत जाऊन ठरवून घ्या.

मरण्याबद्दल किंवा नसण्याबद्दल मुलाने काही बोलले वा लिहिले तर रागावू नका, 'गुनाह आहे' म्हणून विषय बंद करू नका. शांतपणे, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार नव्याने शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे ठेवू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. सरकारची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते. मुलांच्या छळाबाबत १०९८ वर बोलता येते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे, दोन्हींना बंदी घातली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे, त्यात ऑटिझम आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणे हा त्या कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे. प्रमाणपत्र मिळाले तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात. 'प्रमाणपत्र घेतलं तर मुलावर शिक्का बसेल' ही भीती आम्ही समजू शकतो. त्या अम्मींनीही ती बोलून दाखवली होती. आम्ही एवढेच म्हणालो की शिक्का तर आधीच बसला आहे, 'तुरी' नावाचा. डॉक्टरांच्या कागदाने निदान मदत तरी मिळेल.

मुलगा आता दहावीत आहे. औषध काही महिने चालले, नंतर डॉक्टरांनी थांबवले. समुपदेशन अजून चालू आहे. तो अजूनही डोळ्यांत पाहून बोलत नाही, बाक ओढला की कान झाकतो आणि वेळापत्रक बदलले की कारण विचारतो. ईदला काका लांबून सलाम करतात. गेल्या रमजानमध्ये त्याच्या बाकावरच्या मित्राने रोजच्या इफ्तारच्या वेळा त्याच्याकडून लिहून घेतल्या, महिनाभराच्या, आणि आपल्या घरी लावल्या. वेळ विचारली, पण या वेळी कोणी हसले नाही.

नाव मात्र पूर्ण गेलेले नाही. मागच्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाने त्याला जिन्यावर "ए तुरी" म्हणून हाक मारली. त्या मुलाला हे नाव कुठून आले ते ठाऊकही नव्हते, मोठ्यांचे ऐकून म्हणत होता. आम्ही त्याला थांबवले आणि खरे नाव सांगितले. दोनदा म्हणून घेतले.

आज रात्री दस्तरखानवर बसाल तेव्हा जरा कान देऊन ऐका. आपल्या घरात कोणाला कोणत्या नावाने हाक मारली जाते, आणि त्या नावावर कोण हसत नाही?